नळी फाटलेली, बसवले पंख

हसू नका, मी गाडीच बोलतेय. फाटकाशी लिंबाच्या झाडाखाली उभी असते ती मी. पाठीवर पंख दिसतात म्हणून मला विमान समजू नका. ते पंख जन्मजात नाहीत, चिकटवलेले आहेत. का चिकटवले, ते विचारू नका. म्हणजे विचारा, त्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

मी जुन्या काळची टर्बोवाली गाडी. टर्बो म्हणजे काय, तर फुंकणी. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक छोटा पंखा गरगर फिरवतो, आणि त्या जोरावर दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात भरतो. चुलीत फुंकर मारली की जाळ भडकतो ना, तसं. माझ्याच उच्छ्वासावर माझा श्वास चालतो. एवढी काटकसर तुमच्या घरात कोणी करत असेल तर कळवा.

तरुणपणी मी अशी पळायचे की मी घरी येऊन थंड झाले की मग कुठे माझी सावली धापा टाकत फाटकातून आत शिरायची. एकदा भर पावसातून गेले आणि काच कोरडी. थेंबांना माझ्या अंगावर पडायला सवडच मिळाली नाही. हे पटत नसेल तर सोडून द्या. पण यापुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे.

माझे पहिले मालक डॉक्टर. पेशंटला सांगायचे, “घाई करू नका, सावकाश बरं वाटेल,” आणि दवाखान्याचं दार लागलं की मला असे पिटाळायचे, जणू दुखणं त्यांच्याच मागे लागलंय. पण माणूस मायाळू होता. लांबून आलो की इंजिन लगेच बंद करायचे नाहीत. मला जरा दम खाऊ द्यायचे आणि स्वतः बसल्या बसल्या गाणं गुणगुणायचे. त्या दिवसांची चव अजून जिभेवर आहे.

दुसरे एक हिशेबनीस. त्यांनी मला जोरात पळवलं नाही. पुढेपुढे तर पळवलंच नाही. ताडपत्रीखाली झाकून ठेवलं, आणि आल्यागेल्याला ताडपत्रीचं टोक उचलून दाखवायचे, “कशी नव्यासारखी ठेवलीय बघा.” आत मागच्या सीटवर मांजर बाळंत झालं होतं, ते त्यांनी बघितलं नाही. लोकांना वाटतं, गाडी धावून झिजते. अहो, रबराला विचारा. उभं राहून राहून ते वाळतं, कडक होतं आणि एक दिवस तडकतं.

तसंच झालं. टर्बोने दाबलेली हवा इंजिनात नेणारी माझी एक रबरी नळी आहे, मागच्या बाजूला, हात घालायला अवघड जागी. तिच्या खालच्या अंगाला बोटभर चीर गेली. सपाट रस्त्यावर सावकाश चालले तर चीर मिटून राहते, कोणाला संशय येत नाही. चढ लागला, टर्बोने जोर केला, की चीर तोंड उघडते आणि सगळी हवा फुस्स. हवा कमी, पेट्रोल जास्त. मागून काळा धूर आणि पुढे दमच नाही. दुखणं एवढंच. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण बोलायला तोंड कुठे होतं?

अशा अवस्थेत मला तिसऱ्या मालकांनी घेतलं. त्यांचं सायकलचं दुकान आहे. पंक्चर काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडा आला की म्हणायचं, “हा काय.” मग पुसायचं, घासायचं, ठिगळ. जन्मभर हेच केलेला माणूस. मी मनात म्हटलं, देवाने योग्य हातात दिलं. तेव्हाच कपाळाला हात लावायला हवा होता, पण हातही नाही.

पहिल्या दिवशी मालकीणबाई पदराने हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याभोवती एक चक्कर मारली.

“या वयात?” त्या म्हणाल्या.

“वय कोणाचं, गाडीचं की माझं?”

“दोघांचं.”

मग मालकांनी कारण सांगितलं. पोरवयात ते एका बेकरीवाल्याकडे होते. पावांची टोपली मागे बांधून सायकलवरून डोंगरावर माल पोचवायचे. एकदा चढावर छाती फुटायची वेळ आली असताना माझ्यासारखीच एक गाडी बारीक शीळ वाजवत शेजारून वर निघून गेली. टर्बो जोरात फिरला की तशी शीळ येते. “ती शीळ कानातून जात नाही,” ते म्हणाले. “एकदा आपल्या गाडीत बसून त्याच चढावर ऐकायचीय.” ती गाडी मीच होते, असं मी सांगते. खरं-खोटं करायला कोण बसलंय?

योगायोग असा की त्यांची मुलगी लग्न होऊन त्याच डोंगरावर राहायला गेली होती. तेव्हा पहिल्याच रविवारी सगळे निघाले. अर्ध्या चढावर माझा दम गेला, काळा धूर सुटला, मागचे भोंगे वाजवायला लागले. घरची मंडळी बसने वर गेली आणि मी उतारावरून उलटी सरकत घरी आले. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

झालं. सोमवारपासून माझं ‘काम’ सुरू झालं.

दुकानाशेजारी एक केस कापणारा आहे. सगळे त्याला कात्री म्हणतात. फोनवर गाड्या सजवण्याचे, पळवण्याचे व्हिडिओ बघून बघून तो पंडित झालाय. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून मतं सांगतो, त्यामुळे त्याला आजवर कोणी विरोध केलेला नाही.

“जुनी टर्बो आहे ना?” कात्री म्हणाला. “तिला श्वास मोकळा लागतो. सायलेन्सर बदल.”

बदलला. ताटाएवढ्या तोंडाचा सायलेन्सर लागला. आता मी धूर तेवढाच सोडत होते, फक्त ओरडून सोडत होते. शेजारची म्हातारी भिंतीवरून म्हणाली, “पोटात काही गडबड आहे का रे हिच्या?” सबंध गल्लीत बरोबर निदान एकटीने केलं, आणि तिलाच सगळे हसले.

मग कात्रीने आणखी एक झडप आणवली. वेगाच्या पेडलवरून पाय उचलला की ती मोठ्याने फुस्स करते. जणू गाडीला नाक मुरडायची सवय लागली. पोरं टाळ्या पिटायची. मालक सपाट रस्त्यावर उगाच पाय दाबायचे आणि उचलायचे. फुस्स, फुस्स. अहो, एक फुस्स आधीच होतं माझ्याकडे, फुकटचं. ते शोधा ना.

चढावर पुन्हा तीच रड. तेव्हा कात्री म्हणाला, “दाब वाढव. स्क्रू आहे बघ तिथे.” मालकांनी स्क्रू पिळला. टर्बो बिचारा इमानी, जास्त जोराने फुंकायला लागला. जास्त फुंकलं की चीर जास्त फाटायची, जास्त फाटली की हवा जास्त पळायची. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत. मी झटके दिले, खोकले, एकदा तर फाटकातच बंद पडून बसले. दुखतंय कुठे ते याहून स्पष्ट कसं सांगायचं?

“जातीची मस्ती आहे,” कात्री कौतुकाने म्हणाला. “हिला मागे पंख हवेत. जमीन धरून ठेवतात.”

चालत्या बैलगाडीने मागे टाकावं असा माझा वेग, आणि पंख कशाला, तर मी उडून जाऊ नये म्हणून. बसवले. कावळ्यांची तेवढी सोय झाली.

या सगळ्यात एक माणूस माझ्यावर वेगळीच नजर ठेवून होता. मालकीणबाईंचा भाऊ. त्याचं भंगाराचं गोदाम आहे. तो माझ्याकडे बघायचा ते वजनकाट्यासारखा. एकदा सगळे अंगणात चहा पीत होते, तेव्हा त्याने माझ्या दारावर टिचकी मारली.

“पत्रा जाड आहे, दाजी. चालताना काही उपयोग नाही, पण तोडल्यावर सोनं होईल.”

“तुला सगळं जग तोडून बघायची सवय.”

“आणि तुम्हाला फुगवून. सारखं वर जायचं म्हणता, ताई प्रत्येक वेळी बसमधून उलट्या करत जाते.”

हे मालकांना झोंबलं. कप खाली ठेवून ते उठले. “येत्या रविवारी पोरीच्या दारात हिला उभी करून दाखवतो. नाही झालं तर सोमवारी तुझा टेंपो पाठव.”

“ताई, तू साक्षीदार.”

“मला कशाला ओढता?” मालकीणबाई म्हणाल्या. पण शब्द गेला तो गेला. मालक शब्दाचे पक्के. एरवी हा गुण मला आवडला असता.

शनिवारी कात्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर. “शेवटचा उपाय. आणखी एक पीळ.” मला धडकी भरली. आणखी पीळ म्हणजे उद्या चढावर टर्बो तरी फुटणार, नाहीतर इंजिन. भंगारवाल्याला तोडायचे कष्टसुद्धा पडणार नव्हते. मालकांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, आणि तेवढ्यात मालकीणबाई कपडे धुवायची बादली घेऊन बाहेर आल्या.

“मी एक विचारू?”

“आत्ता नको.”

“आत्ताच विचारते. दुकानात गिऱ्हाईक येतं, म्हणतं चाकात हवा राहत नाही. तेव्हा तुम्ही काय करता? नवीन घंटी बसवता?”

मालकांनी स्क्रू-ड्रायव्हर या हातातून त्या हातात घेतला.

“की आणखी जोरात हवा भरता?”

कात्री म्हणाला, “वहिनी, सायकल वेगळी, टर्बो वेगळा.”

“हो का. हवा पण वेगळी असते का?”

मालकांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. कात्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कोणाला काही न सांगता दुकानाकडे गेले. आले ते हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घेऊन. पिठाच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडून त्यात सायकल ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, आणि जिथून टर्बो हवा घेतो ते माझं तोंड त्या झाकणाने घट्ट बंद केलं. सायलेन्सर, झडप, पंख झाले, शेवटी तोंडात डब्याचं झाकण. पण त्या दिवशी मी हूं की चूं केलं नाही. त्यांनी इंजिन बंद ठेवून हळूहळू हवा सोडली. मग बायकोच्या बादलीतलं साबणाचं पाणी घेतलं आणि माझ्या नळ्यांवरून सांडत निघाले.

ही नव्हे. ही पण नव्हे. मागे या, मागे. मी जीव मुठीत धरला.

अवघड जागी त्यांनी हात घातला, कोपर खरचटलं, पाणी सांडलं. खालून साबणाचा फेस फुगून आला, लिंबाएवढा, मग मोसंब्याएवढा. मी तर म्हणेन घागरीएवढा.

“हा काय,” मालक म्हणाले.

अगदी दुकानातल्या आवाजात.

कात्री बराच वेळ वाकून बघत राहिला. “व्हिडिओत हे नव्हतं,” एवढंच म्हणाला.

नवी नळी गावात मिळेना, दुकानं बंद व्हायची वेळ. मग मालकांनी फाटकी नळी काढली, पुसली, घासली, सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं, वरून ट्यूबचीच पट्टी गुंडाळून दोन क्लिपा आवळल्या. “उद्यापुरतं,” ते म्हणाले. “सोमवारी नवी आणतो.”

“आणि तो स्क्रू होता तिथे न्या,” मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी नेला.

रविवारी मेहुणा मागच्या सीटवर पाय पसरून बसला, टेंपोवाल्याला फोन करायच्या तयारीनेच. चढ लागला. मालकांनी पाय दाबला. हवा आली हो. सगळीच्या सगळी आली. किती वर्षांनी माझी छाती भरली. आणि मग ती बारीक शीळ सुरू झाली, दूर कोणीतरी वाजवत असल्यासारखी.

“दाजी, काहीतरी वाजतंय,” मेहुणा म्हणाला.

“गप बस. ऐक.”

एका वळणावर कोणी एक जण पेडलवर उभा राहून सायकल रेटत होता. मालकांनी भोंगा वाजवला नाही. त्याला पुरती जागा देऊन शेजारून गेले, आणि आरशात तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने काच खाली केली, शीळ नीट ऐकू यावी म्हणून.

मुलगी दारात आली. “बाबा, मी बसस्टॉपवर निघाले होते की.” मालक उतरले, पण इंजिन बंद केलं नाही. मला दम खाऊ दिला. डॉक्टर गेल्यापासून कोणी दिला नव्हता. एव्हाना मी इतकी वर आले होते की ढग माझ्या चाकांखालून जात होते. बरं, एखादा ढग. बरं, धुकं.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता.

तो सोमवार गेला. टेंपो आला नाही, तशी नळीही आली नाही. “चाललंय की,” मालक म्हणाले. दुसऱ्या कोणी गिऱ्हाइकाला कच्चं ठिगळ लावलं तर त्याचे कान उपटणारा माणूस. पण सायकलवाल्याच्या घरचीच सायकल पंक्चर असायची, हा जगाचा नियम. कात्रीला तर आता चेवच चढलाय. “रोग निघाला,” म्हणतो. “आता खरी मजा.” आज सकाळी खोकं आलं. मला वाटलं, आली नळी. उघडलं, तर आत मागच्या काचेवर लावायचं स्टिकर: ‘चढाची राणी’. शेजारी नव्या चाकांच्या टोप्या. आणि कात्रीच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर.

“अहो, नळी आणलीत का?” मालकीणबाई आतून विचारतात.

“आणतो गं.”

जुन्या टर्बोवाल्या गाडीला हात घालणाऱ्यांनो, पाया पडते, म्हणजे चाकं टेकते. आधी आमच्या नळ्या बघा, तेल बघा, पाणी बघा. आम्ही होतो तशा आम्हाला करा. मग हवे तर शिंगं बसवा.

येत्या रविवारी पुन्हा वर जायचंय. मुलगी वाट बघणार, मालकीणबाई पुढे बसणार. आणि ठिगळाची एक कड सुटायला लागलीय. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगता येत नाही हो, तेच तर मघापासून सांगतेय. तुम्हाला तोंड आहे. जाता जाता दुकानावरून जा, आणि त्यांना एवढं म्हणा: घमेल्यातून हात काढा, नळी घेऊन या.