डावीकडचं पांढरं घर

*फोल्डर उघडा. दोन्ही कडा मध्यावर आणून दुमडा.*

रोवेनाने घडीवर कात्रीची मूठ दाबून फिरवली. पुठ्ठा कडकन मोडला. हा आवाज तिला सोसत नसे. नवऱ्याने, डॅरेलने, तिचं मनगट मोडलं तेव्हा असाच आला होता.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या डोंगरातल्या या कच्च्या रस्त्याच्या टोकाला येऊन तिला आणि मुलांना वर्ष होत आलं होतं. इथे मुलांना घरी शिकवायचं तर कुठे नाव नोंदवावं लागत नाही, म्हणूनच तिने हे राज्य निवडलं. शाळेत घातलं असतं तर जुन्या शाळेतून दाखला मागवला गेला असता आणि त्या मागावर डॅरेल आला असता. तेव्हा आठ वर्षांची टॅबिथा आणि पाच वर्षांचा जोसाया स्वयंपाकघरातल्या टेबलावरच भूगोल शिकत. कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं. फोल्डर उघडला की आत झडपा, खिसे, बोटाएवढी पुस्तकं. याला ते लॅपबुक म्हणत.

कागद कापायच्या यंत्राचा स्क्रू ढिला होता. पात्याचा लांब दांडा मधूनच हातात निघून येई. समोरच्या ट्रेलरमधल्या, म्हणजे तसल्याच चाकांवरच्या घरातल्या मिस ऑर्फा, सत्तरी उलटलेल्या, रोज अंडी घेऊन यायच्या आणि तो दांडा बघून म्हणायच्या, या घरात भूगोलापायी एक दिवस कुणाचं तरी बोट जाणार.

*गोल कापा. सगळ्यात लहान वर ठेवा.*

घर. त्याखाली रस्ता. त्याखाली काउंटी म्हणजे जिल्हा, मग राज्य, देश, पृथ्वी. टॅबिथाने सगळे गोल एका पिनेत ओवले होते, पंख्यासारखे पसरत. शेजारी नकाशा: रस्ता, आमनेसामने दोन पांढरे ट्रेलर, ओढा, पापण्या असलेला सूर्य. आपलं घर तिने डावीकडे काढलं होतं. दारात बसून, रस्ता जिकडून येतो तिकडे तोंड करून काढलं, म्हणून. रस्त्याने येणाऱ्याला ते उजव्या हाताला लागतं.

रोवेनाच्या ते लक्षात आलं होतं. तिने ते तसंच राहू दिलं. रंग रेषेबाहेर गेला म्हणून डॅरेलने याच पोरीची बोटं ड्रॉवरमध्ये धरून ड्रॉवर ढकलला होता. तेव्हापासून मुलांच्या हातचं काहीही दुरुस्त करायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

आदल्या दिवशी तिने लॅपबुकचा फोटो घरी शिकवणाऱ्या आयांच्या ग्रुपवर टाकला. तिथे सगळ्याच टाकतात. तिने खोटं नाव लावलं होतं, मुलांचे चेहरे झाकले होते. नीट दिसावेत म्हणून गोल मात्र पसरून ठेवले.

*झडप उचला. आत काय आहे ते वाचा.*

दुपारी फोन थरथरला. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं: "सूर्याला अजून पापण्या काढते का गं ती?"

बेव्हर्ली. नणंद. तीही मुलांना घरीच शिकवायची.

रोवेनाने फोटो मोठा केला. घर, नंबर, रस्ता, काउंटी, राज्य. पोरीच्या गोल गोल अक्षरात. तिने गाडीची किल्ली घेतली, दोघांना दंडाला धरून उठवलं. जोसाया म्हणाला, डिंक ओला आहे अजून.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ उठली. डॅरेलची पिकअप. त्याने वेग कमी केला नाही. दारांवर नंबर नव्हते; टोकाशी येऊन तो नकाशाप्रमाणे डावीकडे वळला.

मिस ऑर्फांचं दार एका लाथेत आत गेलं.

*इथे कापा.*

मुलं गाडीत. किल्ली लावलेली. रस्ता मोकळा. पोलिसांच्या फोनवरची बाई सांगत होती की शेरीफची माणसं निघालीत, पण लांब आहेत. निघून जायला हीच वेळ होती.

समोरून काच फुटल्याचा आवाज आला, आणि मग मिस ऑर्फांचा. कोंबडीची मान पिरगळताना येतो तसा, अर्धाच.

रोवेना खाली उतरली. "दारं लाव. हॉर्नवर हात ठेव आणि काढू नकोस. मी सोडून कुणालाही उघडायचं नाही."

"तुझ्या हातात काय आहे?" टॅबिथाने विचारलं.

रोवेनाने खाली बघितलं. पात्याचा दांडा. टेबलावरून कधी उचलला ते तिला आठवत नव्हतं.

*ही बाजू बाहेर.*

मिस ऑर्फा फ्रिजला टेकून पडल्या होत्या, जबडा एका बाजूला सरकलेला. अंडी फरशीभर. डॅरेल त्यांच्या केसांना धरून विचारत होता की ती कुठे लपलीय. रोवेनाला बघून त्याने केस सोडले. तो हसला सुद्धा.

"पोरीला साधं डावं-उजवं कळत नाही," तो म्हणाला. "काय शिकवतेस तू?"

त्याने हात उगारला. त्या हाताला ती चांगली ओळखत होती, किती वर येतो, कुठून खाली येतो. तो वर असतानाच तिने पातं घातलं. मग परत. तो अंड्यांवरून घसरला, गुडघ्यांवर आला, आणि तिने दांड्याच्या जाड बाजूने त्याच्या खांद्यावर, मानेवर, जिथे लागेल तिथे मारलं, तो हलायचा थांबेपर्यंत आणि त्यानंतरही. बाहेर हॉर्न सारखा ओरडत होता.

*खिशात ठेवा.*

डॅरेल जगला, बेड्यांसकट. मिस ऑर्फाही जगल्या. शेरीफच्या माणसाने टॅबिथाची बोटं हॉर्नवरून एकेक करून सोडवली.

आठवड्याने टेबलाशी तिने विचारलं, "आई, माझा नकाशा चुकला होता का?"

"हो," रोवेना म्हणाली. पहिल्यांदाच. "डावं-उजवं उलटं झालं होतं."

टॅबिथाने पेन्सिल चावली. "मग मिस ऑर्फांना माझ्यामुळे लागलं."

"नाही. फोटो मी टाकला. घाव त्याने घातले. तुझी फक्त बाजू चुकली."

पोरीने नवा फोल्डर ओढला. या वेळी रस्त्यापर्यंत चालत जाऊन, मागे वळून बघून आली. दोन्ही घरं आपापल्या जागी काढली. मिस ऑर्फांच्या घराला दार काढलं नाही. ते अजून बसवलेलं नव्हतं.