सोमवारची सुट्टी

शाळा यंदा एक जादा सुट्टी देणार होती, आणि ती कोणत्या वारी घ्यायची यावरून पालकसभेत खडाजंगी उडाली होती. बेकरीवाल्या बाईंना बुधवार हवा होता, बसच्या ड्रायव्हरला शुक्रवार, आणि सलूनवाल्याला सोमवार म्हणजे सोमवारच. त्याचं दुकान सोमवारी बंद असे. गळ्याभोवती कापड बांधलेलं गिऱ्हाईक कधी वाद घालत नाही, त्यामुळे आपलं बोलणं सगळ्यांना पटतंच अशी त्याची पक्की समजूत होती.

"घरात कुणीतरी मोठं माणूस असेल त्याच दिवशी सुट्टी हवी," तो ठणकावून म्हणाला. "नाहीतर पोरं काय शेजाऱ्यांच्या गळ्यात मारायची?"

बेकरीवाल्या बाईंनी क्षणभर विचार केला आणि सोमवारच्या बाजूने हात वर केला. मग ड्रायव्हरनेही केला. सोमवार एकमताने मंजूर झाला आणि सलूनवाला मिशीला पीळ देत घरी आला.

सुट्टीच्या सोमवारी तो अजून पांघरुणातच होता, तोच बेल वाजली. दारात बाईंची जुळी पोरं उभी होती.

"तुम्ही घरीच असता ना," बाई जिना उतरता उतरता म्हणाल्या.

पाठोपाठ ड्रायव्हरची पोरं आली, मग आणखी कुणाकुणाची. बघता बघता त्याच्या गादीवर अर्धा वर्ग उड्या मारू लागला, आणि सगळ्यांत उंच उडी त्याच्याच लेकीची होती.

त्याने केविलवाण्या चेहऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती कामावर निघाली होती.

"एकमताने निवडून आलात ना," चपला घालत ती म्हणाली, "आता करा राज्य."