चौथ्या मजल्याची बादली

सिस्टरांनी चौथ्या मजल्याची बादली पिंपात उपडी केली आणि त्यांचा हात तिथंच थांबला. आत नुसता चहाचा चोथा. काल चोथा, परवा चोथा, त्याच्या आदल्या दिवशीही चोथाच.

"अर्ज लिहायला मात्र अंगात जोर आहे!" त्या पुटपुटल्या.

तीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या या बाईंनी इमारतीच्या मागच्या अंगणात पाच पिंपं मांडली होती. चाळीस घरांची सालं-देठं त्यात पडत, वर सुका पाला, आणि तीन महिन्यांनी घरोघरच्या कुंड्यांना काळंभोर खत. फाटकाशी साचणारा उकिरडा गेला, माश्या गेल्या. सगळे खूश, एक सोडून. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क, त्या चोथ्याच्या बादलीचे मालक. अख्खी इमारत त्यांना अर्जबुवा म्हणे. दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली आणि तेव्हापासून दर सोमवारी एक अर्ज: पिंपांचा वास येतो, हटवावीत. हा आठवा. उद्या सकाळी कमिटी पाहणीला येणार होती. अर्जबुवांनी अर्ज मागे घेतला नाही, तर पिंपं थेट भंगारात.

"पाया पडा त्यांच्या," अध्यक्षांनी सुचवलं होतं.

"पाया पडते माझी बला!"

रिकामी बादली घेऊन सिस्टर तरातरा जिना चढल्या आणि त्यांनी दार ठोठावलं.

"अर्ज मागे घेणार नाही," अर्जबुवा दारातूनच म्हणाले. "वास येतो म्हणजे येतो."

"तुमच्या बादलीला वास यायला तिच्यात काही असायला नको? जेवता काय, वारा?"

"माझ्या बादलीत डोकावायचा तुम्हाला काय अधिकार?"

"लोकांची भांडी बघण्यात जन्म गेला माझा. पेशंटनं काय खाल्लं ते त्याच्या तोंडाला कोण विचारतो!"

बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. अर्जबुवांच्या पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलेलं होतं. मागे स्वयंपाकघर दिसत होतं. चहापुरतं एक बर्नर सोडलं तर शेगडीवर धूळ बसली होती.

"तिनं कधी आत पाऊल टाकू दिलं नाही," अर्जबुवा म्हणाले. आवाज अजून चढाच होता. "लुडबुड करू नका म्हणायची. आणि आता खालून वास येतो. कोथिंबिरीच्या देठांचा. तिच्या हातांना यायचा तसा. दिवसभर! खिडकी लावली तरी!"

आणलेला राग कुठे ठेवावा ते सिस्टरांना कळेना, म्हणून त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी तो बटाट्यांवर काढला. टोपलीत सुरकुतलेले चार होते. एक उचलून त्यांनी सुरीसकट अर्जबुवांच्या हातात कोंबला.

"सोला."

"मला येत नाही."

"अर्ज काय आईच्या पोटातून शिकून आला होतात? सोला म्हणते ना!"

खाली आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, अर्ज मागे घ्या हे सांगायचं राहूनच गेलं. पण पुन्हा जिना चढायला त्या काही गेल्या नाहीत. गेली पिंपं तर गेली.

सकाळी कमिटी आली. अध्यक्षांनी आधीच नाकाला रुमाल लावला होता. तेवढ्यात अर्जबुवा जिना उतरून आले. एका हातात बादली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"या काका," अध्यक्ष म्हणाले. "वास येतो ना?"

"येतो."

सिस्टरांनी फावडं घट्ट धरलं.

"म्हणजे हटवायची पिंपं?"

"हटवून तर बघा!" अर्जबुवा गरजले. "मग मी हे कुठे टाकू? तुमच्या दारात?"

आणि त्यांनी बादली पिंपात उपडी केली. सालं बोटभर जाड होती. निम्मा बटाटा सालांबरोबरच गेला होता.

"अहो, किती जाड काढलीत!" सिस्टर म्हणाल्या.

"तक्रार असेल तर अर्ज करा."

झाकण लावण्याआधी ते जरा वेळ पिंपावर वाकून वास घेत उभे राहिले.