आपल्या माणसाचे ब्रेक

शहापुरातल्या मार्तंड वकिलांचा एक नियम होता. न्हावी असो, डॉक्टर असो की भाजीवाला, माणूस मराठीच हवा. बेळगावात असा नियम पाळायचा म्हणजे रोज कुणाशी तरी वाजणार, पण तेही त्यांना मनापासून आवडायचं. अर्धा जन्म त्यांनी कोर्टात मराठी कागदपत्रांसाठी हुज्जत घालण्यात घालवला होता. घरात मात्र बायको विद्युल्लता, माहेर निपाणी, कन्नड शाळेत शिकवून निवृत्त झालेली. ती दूधवाल्याशी इतकं फर्डं कन्नड बोलायची की मार्तंडराव उगाच खाकरत दुसरीकडे बघायचे.

नियमाइतकाच त्यांचा जीव वडिलांच्या फियाटवर होता. लग्न होऊन विद्युल्लता याच गाडीतून सासरी आली होती आणि माहेरीही याच गाडीतून जायची, नवऱ्याच्या डाव्या हाताला बसून. बसनं ती निपाणीला कधी गेलीच नव्हती. शेजारणी हसायच्या, तिला मात्र मनातून त्याचा अभिमान होता.

या उन्हाळ्यात गाडीचं ब्रेक ऑईल गळायला लागलं. गॅरेजवाल्या भरमूनं चाकं खोलली आणि हात झटकले.

"वकीलसाहेब, मास्टर सिलिंडर आणि चाकांतली रबरं, सगळंच बदलाय पायजे. हितं न्हाय मिळत आता. ऑनलाइन बघा. आणला की बसवून देतो."

बेळगावातून निपाणी म्हणजे वाटेत तवंदीचा घाट. घाटात ब्रेकशी चेष्टा चालत नाही, हे मार्तंडरावांनाही कळत होतं. फोनवर दोन दुकानं सापडली. एक बेंगळुरूचं, सगळं कन्नडात आणि इंग्रजीत. विद्युल्लतानं तिथं फोन लावला, तर त्या माणसानं प्रश्नांची फैरच झाडली. गाडी कोणत्या सालची? जुन्या सिलिंडरवर आकडा काय आहे? फोटो पाठवा. आणि कुठूनही घ्या, पण रबर कधी बनलं ते डब्यावर छापलेलं नसेल तर घेऊ नका.

"हा विकणारा हाय की फौजदार?" मार्तंडराव भडकले.

"अहो, विचारतोय ते बरोबरच हाय न्हवं? ब्रेकचं काम हाय."

"तू गप. मला कन्नडात शिकवायची गरज न्हाय."

दुसरं दुकान पुण्याकडचं. पानावर वर भगवा, खाली गडाचं चित्र, सगळा मजकूर मराठीत. मार्तंडरावांनी स्वतः फोन केला.

"बेळगावहून बोलताय? सीमाभागातून?" पलीकडचा आवाज एकदम ओला झाला. "साहेब, तुम्हा लोकांसाठी जीव आहे आमचा. तुमच्याकडून फोटोबिटो कसले मागायचे? बिनधास्त राहा, ओरिजिनल माल पाठवतो."

इतकी वर्षं सीमेच्या अलीकडे राहून हे वाक्य ऐकायला कान आसुसलेले होते. त्या माणसानं त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ते आनंदानं चढले. डबा आला. त्यावर भगवी चिकटपट्टी होती, साल कुठंच नव्हतं. विद्युल्लतानं डबा फिरवून फिरवून पाहिला आणि टेबलावर ठेवला. भरमूनंही काही विचारलं नाही, पार्ट गिऱ्हाइकाचा आणि मजुरी आपली, असा त्याचा साधा हिशेब होता. त्यानं सगळं बसवलं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, ब्रेक लागला. उचगावपर्यंत चक्कर मारून आल्यावर मार्तंडराव आठवडाभर गल्लीत सांगत सुटले, "शेवटी आपला माणूस तो आपला माणूस."

मग निपाणीहून बोलावणं आलं. विद्युल्लताच्या भावाच्या नातवाचं बारसं होतं. बाळंतिणीसाठी तिनं डिंकाचे लाडू केले आणि डबा मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. सकाळ छान होती, ती काहीतरी गुणगुणतही होती.

घाटाच्या अलीकडे, संकेश्वरजवळ पुढचा टेम्पो थांबला. मार्तंडरावांनी ब्रेक दाबला तर पॅडल सरळ खाली गेलं. पुन्हा दाबलं तेव्हा कुठं गाडी थांबली.

"काय झालं हो?"

"काय न्हाय. तू लाडू सांभाळ."

झालं होतं काय, ते त्यांना पुरतं कळलं होतं. हे चालवायचं लक्षण नव्हे, एवढं गाडीवाल्या माणसाला कळतंच. रस्त्याकडेला गॅरेज होतं, पाटी कन्नडात होती. थांबलं असतं तर मेकॅनिकनं बॉनेट उघडून विचारलं असतं, हा माल कुठून आणला? आणि ते विद्युल्लतानं ऐकलं असतं. ती काही बोलली नसती. तेच त्यांना नको होतं. त्यांनी गाडी तशीच पुढं काढली.

तवंदीच्या उतारावर पॅडल खाली गेलं ते वर आलंच नाही. पुढं उसाचा ट्रक रांगत होता. मार्तंडरावांनी गिअर पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घातली. दगडाला घासत ती गटारात जाऊन अडकली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. विद्युल्लताचा डावा हात मात्र मोडला, आणि उघडलेल्या दारातून लाडू घाटात घरंगळत गेले.

बारशाची माणसं नव्या कपड्यांनिशी दवाखान्यात धावत आली. मार्तंडराव सगळ्यांना सांगत होते, "अचानक! काय कळायच्या आतच ब्रेक गेला बघा." कॉटवरची विद्युल्लता त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पुण्याच्या माणसाला त्यांनी फोन केला. "रबराच्या मालाला गॅरंटी नसते साहेब. जय महाराष्ट्र," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. गल्लीत ही गोष्ट सांगायची सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

हात प्लास्टरमध्ये असतानाच विद्युल्लतानं बेंगळुरूला फोन केला. आकडा वाचून दाखवला, फोटो पाठवले, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. सीलबंद डबा आला, त्यावर साल छापलेलं होतं. भरमूनं माल बसवला. पॅडल जिथल्या तिथं थांबत होतं. मार्तंडरावांनी गाडीचा पत्रा ठोकून घेतला, रंग दिला, आणि दिवाळीच्या आधी विद्युल्लताला भावाकडे जायचं म्हणून सकाळीच गाडी दारात लावून डावं दार उघडून उभे राहिले.

विद्युल्लता पिशवी घेऊन बाहेर आली. चौकातून येणाऱ्या रिक्षाला तिनं हात केला.

"अगं, ब्रेक एकदम पक्का हाय आता!"

"ठाऊक हाय मला. मीच मागवलाय. ब्रेकवर माझा विश्वास हाय."

"मग बस की."

तिनं पिशवी रिक्षात ठेवली. "संकेश्वरात तुम्ही दोनदा ब्रेक दाबलात," ती म्हणाली. "मी बघितलं होतं."

रिक्षा बसस्टँडकडं गेली. मार्तंडरावांनी उघडं दार लावून घेतलं. मग ते गाडीत येऊन बसले आणि त्यांनी उगाचच ब्रेक दाबून पाहिला. ब्रेक दगडासारखा घट्ट होता. शेजारच्या सीटवर लाडवाच्या तुपाचा डाग पडला होता. सगळी गाडी रंगवली, पण तो त्यांना आजवर दिसला नव्हता.