बसलेला हात

निळ्या झाकणाची डबी, तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी एका कोपऱ्यात सुटलेली, आणि चिठ्ठीवर आपल्या मुलाचं नाव... मास्तरांनी तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पुन्हा पाहिलं. मग पोलीस ठाण्यातल्या त्या टेबलावरून कुणीतरी डबी उचलून तपासणीला नेली. लघवीत गांजा सापडतो हे पस्तीस वर्षं गाडी शिकवणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं. नियम मात्र पाठ होते – कुठलीही नशा करून गाडी चालवणं हा गुन्हा, परवाना जातो, कुणाला लागलं तर तुरुंग – दर नव्या तुकडीला ते हे वाचून दाखवत, आणि मागे उभा राहून त्यांचा मुलगा, आता स्वतःही शिकवणारा, मान डोलवत असे.

"गांजा म्हणजे काय दारू आहे, बाबा?" तो शेजारून कुजबुजला. "उलट मी सावकाश चालवतो. तुम्हीच म्हणायचात."

म्हणायचो. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत चाक हातात आलं की याच्या अंगात वारं शिरायचं. हॉर्न, शिव्या, करकचून ब्रेक. मग एकाएकी तो निवळला. गिअर लोण्यासारखा पडू लागला, समोरच्याला वाट मिळू लागली, आणि मास्तरांनी बायकोला कौतुकाने सांगितलं, पोराचा हात बसला. शेकडो लोकांचे हातपाय ओळखणाऱ्या माणसाने सुस्तीला सफाई समजावं... मास्तर कसले, गाढव.

आज सकाळी ते दोघे शिकवणीच्या गाडीत होते. तिला दोन ब्रेक, एक चालवणाऱ्याकडे, एक शिकवणाऱ्याकडे. निघण्यापूर्वी तो वर्गाच्या मागच्या बाजूला दहा मिनिटं काय करत होता, हे त्यांनी विचारलं नाही. शिकवणाऱ्याच्या जागेवर बसून, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी ब्रेकवरचा पाय काढून घेतला आणि मांडीवर पुस्तक उघडलं. त्याच्या कपड्यांना जळक्या पाल्याचा वास होता, आणि बाहेर कुणी कचरा जाळत असेल म्हणून त्यांनी – मी, या हाताने – काच वर केली. पुढे पांढऱ्या पट्ट्यांवरून एक शिंपीण रस्ता ओलांडत होती. तो आता ब्रेक लावेल, असं वाटण्यात एक क्षण गेला. आणि त्याने लावला. अगदी हळुवार. उशिरा.

तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं. या घटकेला ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती.

"डबीतून एवढंच कळेल की कधीतरी ओढला होता," मुलगा म्हणाला. "आज की परवा, ते नाही कळत. ते फक्त तुम्ही सांगू शकता. वासबीस काही नव्हता, एवढं लिहा."

"आणि ती बाई?"

"तुमचाही ब्रेक होता ना? पाय कुठे होता तुमचा?"

कानाखाली आवाज काढावा असं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं, खरंच विचारतोय. चिडून गुडघा हलवत बसलेल्या या मुलाला ते लहानपणापासून ओळखत होते.

हवालदाराने कोरा कागद पुढे सरकवला. "मला दोनदा नापास केलं होतंत तुम्ही, मास्तर. आरशात न बघता निघालो म्हणून." तो हसला, मग हसायचा थांबला. "गाडीत वास आला होता?"

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. एवढा राग आला होता की अक्षर येईना. मग सहा महिने घरात कोण होतं – जेवताना माझ्याशी बोलणारा, "बाबा, बसा, मी सोडतो" म्हणणारा, आईच्या बोलण्यावर न भडकणारा? तो काय धूर होता? आणि मला तो इतका आवडला, की कुठून आला हे मी विचारलंच नाही. आत्तासुद्धा... एक बाई तिकडे चिरली जात आहे आणि मला तो परत हवा आहे. राग आता ना मुलावर नीट रोखता येत होता, ना स्वतःवर; तरी तो तसाच होता, आणि त्याच्या आड लपणं मात्र जमेना.

"मास्तर?" हवालदार म्हणाला.