शटर उघडं असताना

शालन वारली, त्याच्या सव्विसाव्या दिवसापासून ती रोज पहाटे पावणेसहाला निवतीच्या किनाऱ्यावर, लाट जिथे येऊन थांबते त्या रेघेवर, उभी राहू लागली. मागच्या डोंगरावर ऊन आलं की ती नसायची. गावाने याची फारशी चर्चा केली नाही. तिच्या नवऱ्याला, भालचंद्र केळुसकरला, पहिल्या दिवशी एवढंच वाटलं की कॅमेरा आणायला हवा होता.

बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. तीस वर्षांत त्याने पंचक्रोशीतली लग्नं, बारशी, शाळेचे वर्गच्या वर्ग टिपले होते. शालन त्या फोटोंत असायची ती फक्त बोटांपुरती, कोणाच्या तरी मागे पडदा ताणून धरलेली. तिचा स्वतःचा फोटो राहूनच गेला. तेराव्याला तिच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला, तेव्हा त्यात चेहरा उरला नाही, नुसते करडे चौकोन उरले. भालचंद्रने ती तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

दुसऱ्या पहाटे तो कॅमेरा घेऊन गेला, तर लेन्सला घाम फुटला. स्टुडिओच्या थंड खोलीतून यंत्र एकदम खाऱ्या, दमट हवेत आलं की असं होतंच. रुमालाने पुसावं, तर काच पुन्हा आंधळी. शालन ताटकळत उभी राहिली, ऊन आलं, आणि ती दिसेनाशी झाली. त्या संध्याकाळी त्याने कॅमेरा कपाटात ठेवला. बुरशी धरू नये म्हणून तिथे पिवळा बल्ब कायम जळत असे. पहाटे कॅमेरा कोमट असतानाच पिशवीत घट्ट बांधून त्याने किनाऱ्यावर नेला. काच स्वच्छ राहिली.

आता उजेड पुरेना. जास्त उजेडात शालन टिकत नव्हती, आणि कमी उजेडात फोटो येत नव्हता. त्याने तिवई वाळूत खोल रोवली.

"हलू नको," तो म्हणाला. "अर्धो मिनिट शटर उघडा ठेवतंय."

"ह्यां आधी सुचूक नाय तुमका?" शालन म्हणाली आणि पदर सारखा करून उभी राहिली.

फोटोत पावलं आली. त्यांच्या वर अंधार होता.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन मिनिटं दिली. निऱ्या आल्या. मग दहा मिनिटं दिली, तेव्हा हात आले, बांगड्यांसकट. अर्ध्या तासाला खांदे आले. शटर जितका वेळ उघडं राही तितका पहाटेचा उजेड कॅमेऱ्यात जाई, आणि गावाला तेवढा कमी पडे. निवतीत आठला उजाडू लागलं, मग दहाला. कोंबडे आरवेनासे झाले. शाळेत मुलं एकमेकांचा खांदा धरून वर्गात जाऊ लागली.

एके दिवशी जगन्नाथ तांडेल, रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोऱ्यांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, म्होरक्या, अंधारात चाचपडत त्याच्याजवळ आला.

"भालचंद्र, दोरी दिसना नाय. रापण ओढूची कशी?"

"फक्त तोंड ऱ्हवला हा," भालचंद्र म्हणाला.

त्याच्या लग्नाच्या फोटोतही पडदा शालननेच धरला होता. "एक दिस," तो म्हणाला. "मगे बंद कर."

ठरलेल्या त्या पहाटे सगळं गाव येऊन वाळूवर बसलं. कोणी बत्ती आणली नव्हती, विडीसुद्धा पेटवली नाही. पावणेसहाला भालचंद्रने शटर उघडलं. उजेड आधी आभाळातून गेला, मग वाळूवरून, मग बसलेल्या माणसांच्या हातांवरून. कोणीतरी हळूच स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. आता जे दिसायचं ते कॅमेऱ्याच्या खिडकीतच दिसत होतं. भालचंद्रने तिथे डोळा लावला. शालन लख्ख उभी होती.

भरती उजेडासाठी थांबत नाही. पाणी तिच्या घोट्यांवर आलं, मग गुडघ्यांवर. हलू नको असं त्यानेच सांगितलं होतं, म्हणून ती हलली नाही. पाणी कमरेला लागलं. "वर ये" म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण ती निघाली असती तर चेहरा फराटून गेला असता, आणि उद्याची पहाट त्याला मिळणार नव्हती.

"झालो?" ओठ न हलवता शालनने विचारलं.

"थोडो ऱ्हवलो."

पाणी खांद्यांवर चढलं. भालचंद्रचा अंगठा बटणावर होता. मागे गाव अंधारात श्वास घेताना ऐकू येत होतं. पाणी तिच्या हनुवटीला लागलं. शालनने मान किंचित वर केली, थेट लेन्सकडे पाहिलं, आणि फोटो काढून घेताना माणसं धरतात तसा श्वास रोखून धरला.