टेपवरची आजी

इंदुताईंनी टेपरेकॉर्डर व्हरांड्यातल्या स्टुलावर ठेवला, बटण दाबलं आणि चक्क पाठ फिरवून वर्गात निघून गेल्या. अर्धा वर्ग आत त्यांच्यापाशी वाचायला, अर्धा बाहेर सतरंजीवर, मशीनकडे तोंड करून. तास अर्धा झाला की अदलाबदल. खांबाआड उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका सिंधूताई हे सगळं कपाळाला आठी घालून बघत होत्या.

"मशीन शिकवते, तर मग बाई पगार कायचा घेते?" असं संस्थेचे सेक्रेटरी वामनराव परवाच विचारून गेले होते. शुक्रवारी ते स्वतः बघायला येणार होते. पटलं नाही तर मशीन उचलून संस्थेच्या ऑफिसात.

टेपमधून इंदुताईंचा आवाज आला, "आज घरी काय भाजी केली?"

मग टेप गप्प. ही जागा मुलींच्या उत्तरासाठी सोडलेली. आणि मुली उत्तरं देत होत्या! जरीपटका वस्तीतल्या दुकानदारांच्या या सिंधी मुली. घरी सिंधी, बाजारात हिंदी, मराठी काय ती पुस्तकात. वर्गात तोंड उघडायची सोय नाही, चुकलं की मागचे बाक हसतात. मशीन हसत नाही.

"भेंडी केली!"

"वांगे केले!"

हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी लाजवंती, तिचेही ओठ हलत होते.

त्या गप्प जागेतच खरी हातोटी होती, हे सिंधूताईंना मनातल्या मनात मानावं लागलं. मुली कंटाळाव्यात इतकी लांब नाही, गांगराव्यात इतकी आखूड नाही. ते कसं जमतं, हे त्यांनी एकदा विचारलंही होतं.

"मी तेवढ्यापुरती लाजवंती होते, बाई," इंदुताई म्हणाल्या होत्या. "तिच्याएवढ्याच हळू मनात उत्तर देते, मग पुढचं विचारते."

एवढ्यात टेपवरच्या पुढच्या गप्प जागेत फोडणी चर्र वाजली, आणि तिच्यामागून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"इंदू, कोनाशी बोलून राहिली वं?"

"आमच्याशी, आजी!" अख्खा व्हरांडा ओरडला. सगळ्यांत वरचा आवाज लाजवंतीचा.

शाळा सुटल्यावर सिंधूताईंनी इंदुताईंना बोलावून घेतलं.

"त्या कोण मधेच बोलतात?"

"सासूबाई." इंदुताई ओशाळून हसल्या. "स्वयंपाक करता करता टेप भरते ना मी. त्यांना वाटतं, सुनेला भ्रम झाला."

"वामनरावांसमोर फोडण्या चालायच्या नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये दार लावून नव्याने भरा."

"टेप एकच आहे, बाई. जुनं पुसलं जाईल. आणि मुलींना त्या..."

"मशीनच गेलं तर मुलींना काय उरेल?"

इंदुताईंनी टेप पिशवीत टाकली आणि त्या हॉलची किल्ली घेऊन गेल्या.

शुक्रवारी वामनराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. सिंधूताई बाजूला उभ्या. आत वाचन चाललेलं. टेप आता अगदी लख्ख होती, कुठे खरखर नाही, खुट्ट नाही.

"आज घरी काय भाजी केली?"

मुली बोलल्या नाहीत. त्या माना पुढे काढून मशीनला कान देऊन बसल्या होत्या. दुसरा प्रश्न गेला, तिसरा गेला. वामनरावांनी खिशातून पानाचा डबा काढला.

"मोठ्या बाई, हे तं एकटंच बोलून राहिलं."

तेवढ्यात लाजवंती उठून उभी राहिली. कोणी विचारलेलं नसताना.

"मोठ्या बाई, आजी कुठे गेली?"

साधा, सरळ प्रश्न. आजीला टेपवरून पुसायला सिंधूताईंनीच तर सांगितलं होतं.

टेप पुढे सरकली. "तुझ्या घरी कोण कोण आहे?" आणि पुन्हा ती गप्प जागा.

सिंधूताई काटोलकडच्या. माहेरची बोली त्यांनी शाळेच्या फाटकाच्या आत कधी येऊ दिली नव्हती, स्वतःच्या तोंडून तर नाहीच. त्यांनी एक हात कमरेवर ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचावा असा आवाज काढला.

"इंदू, कोनाशी बोलून राहिली वं?"

आतलं वाचन थांबलं. वामनरावांचं पान डब्यातच राहिलं.

"आमच्याशी, आजी!"

मग काय, आया, काकवा, दोन भाऊ, बकरी, सगळं घर व्हरांड्यात आलं. लाजवंतीकडे तर सांगायला इतकं होतं की टेप पुढच्या प्रश्नावर गेली तरी ती आपल्या मोठ्या मामावरच होती. वामनराव पुढे वाकून ऐकत होते. टेप संपल्यावरच ते उठले.

"राहू द्या मशीन," ते म्हणाले, आणि जाता जाता सिंधूताईंपाशी थांबले. "आजीचा पगार मात्र संस्था देनार नाही बरं."

संध्याकाळी इंदुताई ऑफिसच्या दाराशी आल्या, काखेत पिशवी. सिंधूताईंनी समोरच्या वह्यांवरून मान वर केली नाही.

"टेप पुन्हा भरा. घरीच."

"हो, बाई."

इंदुताई वळल्या.

"आणि इंदुताई..."

"काय, बाई?"

"दार लावू नका."